वऱ्हाडचे पदकार : श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

महाराष्ट्रगीत ठाऊक नाही असा मराठी विद्यार्थी विरळाच. शाळेच्या संमेलनात ते म्हटले जाते, राष्ट्रीय सणाच्या दिवशी म्हटले जाते, आणि घरातील वडील मंडळींनाही त्याचे पहिले कडवे तरी तोंडपाठ असते. परंतु ते गीत रचणाऱ्या गृहस्थाचे नाव काय, आणि त्याचे आयुष्य कोणत्या गावी गेले, असे विचारले असता दहांत एकास तरी उत्तर देता येईल की नाही, याची शंका वाटते. हा गृहस्थ पुण्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. बुलढाणे, अकोला, खामगाव आणि जळगाव जामोद एवढ्या टापूत त्याचे बहुतेक आयुष्य गेले. वकिली हा त्याचा पोटाचा धंदा, आणि नाटके, पदे व विनोदी लेख लिहिणे हा जिवाचा धंदा. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे त्याचे नाव. आपल्या वऱ्हाडच्या मुलांना तरी त्यांचा परिचय असावा, या हेतूने हे चरित्र येथे थोडक्यात देत आहे.

श्रीपादरावांचा जन्म नागपूर येथे २९ जून १८७१ रोजी झाला. बालपण बुलढाण्यास गेले. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील हे हवेशीर गाव त्या काळी अगदी लहान होते. लहानपणीच त्यांस अर्धांगवायूचा विकार जडला व त्याची खूण चेहऱ्यावर कायमची राहिली. ज्या वयात मुले एकमेकांस नावे ठेवण्यात आनंद मानतात, त्या वयात असे व्यंग घेऊन वावरणे म्हणजे काय असते, हे ज्यास भोगावे लागले त्यासच कळते. कोल्हटकर स्वभावाने संकोची झाले. चार माणसांत पुढे होऊन बोलण्यापेक्षा मागे बसून ऐकणे, वाचणे आणि मनातल्या मनात शब्दांशी खेळणे त्यांस अधिक आवडू लागले. पुढे ज्याच्या कोट्यांनी सारा महाराष्ट्र पोट धरून हसला, तो मनुष्य मुळात असा अबोल होता.

माध्यमिक शिक्षणासाठी ते अकोल्यास आले व १८८८ साली मॅट्रिक झाले. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १८९१ साली बी. ए. ची पदवी आणि १८९७ साली एलएल. बी. ची पदवी त्यांनी मिळविली. पदव्यांच्या या सालांवरून त्यांचे खरे शिक्षण कोठे झाले याचा मात्र बोध होत नाही. शेक्सपिअर आणि मोलिएर यांची नाटके त्यांनी पुस्तकांतून वाचली. गाण्यांच्या चाली पुस्तकांत मिळत नसतात. त्या कानांनीच वेचाव्या लागतात, आणि ते शिक्षण नाटकगृहातच झाले.

येथे थोडे थांबून त्या काळच्या मराठी संगीत नाटकाची स्थिती सांगणे अवश्य आहे. एरवी कोल्हटकरांनी नवे काय केले, ते आजच्या मुलांस उमगणार नाही.

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी नाटकात गाणे बहुधा सूत्रधाराने म्हणावयाचे आणि पात्रांनी त्याबरहुकूम हातवारे करावयाचे, असा प्रघात असे. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्या तोंडी घातले. त्यांच्या नाटकांतील पदांची संख्या आज ऐकली तर नवल वाटेल. एकेका नाटकात शंभराहून अधिक पदे! त्यांतील पुष्कळ पदे साकी, दिंडी, कामदा अशा परिचित जातींत बांधलेली, आणि बाकीच्यांच्या चाली कीर्तनातून, लावणीतून व कर्नाटकातून आलेल्या. प्रेक्षकांस त्या चाली घरच्याच वाटत. किर्लोस्कर १८८५ साली वारले. त्यांच्यामागे गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच वळणावर, परंतु अधिक सोप्या व घरगुती शब्दांत, पदरचना केली. मात्र नाटकांची कथानके अजून बव्हंशी संस्कृत ग्रंथांतून अथवा पुराणांतून घेतलेली असत, आणि चालींचा साठाही तोच तो होऊ लागला होता.

अशा वेळी, म्हणजे १८९६ साली, किर्लोस्कर नाटक मंडळीने एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे नाटक हाती घेतले. नाटकाचे नाव वीरतनय. कोल्हटकर त्या वेळी कायद्याचा अभ्यास करीत होते. कथानक कोणत्याही पुराणातून घेतलेले नव्हते. ते सर्वस्वी कल्पित होते. आणि त्यांतील पदांच्या चाली! त्या ऐकून जुने रसिक दचकले व तरुण मंडळी खूष झाली. मुंबईस त्या काळी पारशी मंडळींच्या नाटक कंपन्या उर्दू व गुजराती खेळ करीत. त्यांचे गाणे चटपटीत, उडत्या लयीचे, हिंदुस्थानी ठुमरी-गझलांच्या अंगाने जाणारे व क्वचित विलायती बँडची झाक असलेले असे. कोल्हटकरांनी या चाली उचलल्या आणि त्यांवर मराठी शब्द बसविले. कंपनीत त्या वेळी भाऊराव कोल्हटकर हे नामांकित गायक नट होते. आडनाव एक असले तरी हे दोघे कोल्हटकर निराळे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. भाऊरावांचा गळा आणि श्रीपादरावांच्या चाली यांचा योग जमून आला व वीरतनय गाजले.

आता चालीवर शब्द बसविणे ही गोष्ट ऐकण्यास जितकी सोपी, तितकी करण्यास अवघड आहे. कवी स्वतःच्या मनाने कविता लिहितो तेव्हा वृत्त त्याच्या हाती असते. नको वाटले तर ते तो बदलू शकतो. चाल आधी ठरलेली असली म्हणजे मात्र सर्व बंधने दुसऱ्याची. तालाची सम जेथे पडते तेथे वजनदार अक्षर हवे. लघु अक्षर तेथे पडले तर गाणारा ते ओढून दीर्घ करतो आणि शब्द वेडावाकडा होतो. जेथे गवयास तान घ्यावयाची आहे तेथे शब्दात आकार पाहिजे, कारण इकारावर किंवा उकारावर लांब तान घेणे गळ्यास जड जाते. चालीत जेथे श्वास घेण्याची जागा आहे तेथेच वाक्याचाही विसावा यावा लागतो. इतके सांभाळून पुन्हा पात्राच्या मनातला अर्थ सांगावयाचा, आणि तोही शेवटच्या रांगेतील श्रोत्यास कळेल असा! ज्यास हे काम हलके वाटत असेल, त्याने एखादी परिचित चाल घेऊन तीवर चार नव्या ओळी रचून पाहाव्यात, म्हणजे प्रत्यय येईल.

कोल्हटकरांस ही कसरत साधली काय? माझ्या मते ती निम्मी साधली. त्यांच्या पदांत कल्पनेची चमक आहे, शब्दांचा डौल आहे, लयीची उसळी आहे. पण चालीत शब्द कोंबण्याच्या भरात संस्कृत समासांची दाटी होते आणि अर्थ मागे राहतो. देवलांचे पद कानावर पडताच कळते. कोल्हटकरांचे पद पुष्कळदा पुस्तक उघडून वाचावे लागते. त्यांच्या हयातीतच टीकाकारांनी हा दोष दाखविला होता व तो अगदीच खोटा नव्हता. परंतु दोष दाखविताना एक गोष्ट विसरता कामा नये. मराठी रंगभूमीचे कान त्यांनी नव्या चालींस उघडले नसते, तर पुढे १९११ साली मानापमान नाटकात गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ साली स्वयंवरात भास्करबुवा बखले यांनी हिंदुस्थानी रागदारीच्या ज्या चाली दिल्या, त्यांचे स्वागत इतक्या सहजतेने झाले असते असे मला वाटत नाही. वाट प्रथम मोडणाऱ्याच्या पायांस काटे लागावयाचेच.

या सुमारास सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतही गीतरचनेचा धंदा भरभराटीस आला होता, आणि त्याची हकीकत आपल्या या विषयाशी ताडून पाहण्याजोगी आहे. त्या देशात लोकप्रिय गीतांचा आद्य रचनाकार म्हणून स्टीफन फॉस्टर याचे नाव घेतात. त्याचा जन्म १८२६ साली पिट्सबर्गनजीक झाला. शब्द आणि चाल ही दोन्ही तो स्वतःच करी. १८४८ साली प्रसिद्ध झालेले त्याचे सुझानाचे गाणे देशभर पसरले. पण गीतांचा हक्क त्याने अल्प मोबदल्यात विकून टाकला होता आणि १८६४ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या इस्पितळात तो वारला तेव्हा त्याच्या पाकिटात पुरता अर्धा डॉलरही नव्हता. पुढे न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर गीतांच्या प्रकाशकांची दुकाने शेजारीशेजारी थाटली गेली. तेथे दिवसभर चालणाऱ्या पियानोंच्या कलकलाटावरून त्या जागेस पत्र्याच्या थाळ्यांची गल्ली अशा अर्थाचे नाव पडले. १८९२ साली चार्ल्स हॅरिस याने रचलेल्या एका गीताच्या छापील प्रती लक्षावधींनी खपल्या. त्या गल्लीत चाल एकाने करावी व शब्द दुसऱ्याने जुळवावेत, अशी कामाची वाटणी झाली. आयरा गर्श्विन याच्यासारखा चतुर गीतकार आपल्या भावाने बांधलेल्या चालींवर शब्द बसवी. म्हणजे जे कोडे वऱ्हाडातील वकिलापुढे होते, तेच न्यूयॉर्कच्या त्या गीतकारापुढेही होते.

भेद होता तो प्रसाराच्या रीतीत. अमेरिकेत घरोघरी पियानो होता, म्हणून गीत छापील स्वरलिपीच्या कागदावरून पसरले. आपल्याकडे ते काम नाटक मंडळ्यांनी केले. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचली होती; तिच्यावर अकोला आणि बडनेरा ही ठाणी होती व जलंबहून खामगावास फाटा होता. पडदे, पोशाख, तंबोरे आणि पाच-पन्नास माणसे घेऊन नाटक मंडळी आगगाडीने वऱ्हाडात उतरे. कापसाचा हंगाम झालेला असला की व्यापाऱ्यांच्या व शेतकऱ्यांच्या हाती पैसा खेळे आणि थिएटर भरे. पदांची छोटी पुस्तके विकली जात. मंडळीचा मुक्काम हलला तरी पदे गावात राहत. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या आणि ज्यांनी नाटक पाहिलेच नव्हते त्यांच्याही ओठी ती पदे जाऊन बसली.

वीरतनयानंतर कोल्हटकरांनी मूकनायक (१९०१), गुप्तमंजूष (१९०३), मतिविकार (१९०७), प्रेमशोधन (१९११), वधूपरीक्षा (१९१४) इत्यादी नाटके लिहिली. एकंदर संख्या बारा भरते. मूकनायकात मद्यपानाचा निषेध आहे, मतिविकारात विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न आहे. स्त्रीशिक्षण आणि समाजसुधारणा यांचा त्यांस मनापासून पुरस्कार होता. तथापि सुधारणेचे कडू औषध ते विनोदाच्या मधात घोळून देत. नारायणराव राजहंस, ज्यांस सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो, त्यांनी किर्लोस्कर मंडळीत असताना कोल्हटकरांच्या नाटकांत स्त्रीभूमिका केल्या आणि त्यांची पदे गायिली.

ही सर्व लेखणी वकिली सांभाळून चालत होती, हे लक्षात घ्यावे. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी प्रथम अकोल्यास वकिली केली. नंतर ते खामगावास व पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद या गावी गेले. पुण्या-मुंबईच्या साहित्यिकांस वाद घालण्यास, तालमी पाहण्यास व नटांस सूचना देण्यास ज्या सोयी होत्या, त्या येथे कोठून असणार? तथापि आपला प्रांत साहित्यदृष्ट्या अगदीच ओसाड होता असेही नव्हे. शेक्सपिअरच्या नाटकांवरून मराठी नाटके करणारे विष्णु मोरेश्वर महाजनी अकोल्यास शिक्षणखात्यात होते. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे नाट्यप्रेमी वकील होते. १९०५ साली भरलेल्या पहिल्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष. त्याच अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनी पुढे राक्षसी महत्त्वाकांक्षा आणि रणदुंदुभी ही नाटके लिहिली, आणि रणदुंदुभीतील पदे मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली. संगीत नाटकाच्या इतिहासात वऱ्हाडचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून दिसेल.

कोल्हटकरांच्या विनोदी लेखांविषयी स्वतंत्र निबंध लिहावा लागेल, म्हणून येथे दोनच शब्द. १९०२ पासून त्यांनी विविधज्ञानविस्तार मासिकात असे लेख लिहिण्यास आरंभ केला व त्यांचा संग्रह सुदाम्याचे पोहे या नावाने १९१० साली निघाला. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या हातून त्यांनी समाजातील वेडगळ रूढींची जी थट्टा मांडली, तिने मराठीत विनोदाचे एक नवे दालन उघडले. राम गणेश गडकरी त्यांस गुरू मानीत; पुढे बाळकराम या नावाने गडकऱ्यांनी लिहिलेले लेख याच परंपरेतील आहेत. मामा वरेरकर व वि. स. खांडेकर यांनीही हे गुरुत्व मोकळ्या मनाने मान्य केले. जळगाव जामोदसारख्या आडगावी बसलेल्या माणसास असे शिष्य मिळावेत, आणि त्यांतील एखादा गुरूहूनही मोठा व्हावा, हे भाग्य सामान्य नव्हे. गडकरी १९१९ साली, ऐन तारुण्यात, नागपूरजवळ सावनेर येथे वारले. गुरूने शिष्याच्या मागे पंधरा वर्षे काढली.

गणित आणि ज्योतिष यांचीही त्यांस विलक्षण गोडी होती. भारतीय ज्योतिर्गणितावर त्यांनी १९१३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या हाताने प्रेमाची पदे रचली त्याच हाताने ग्रहांच्या गतीची आकडेमोड केली, हे वाचून विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. पण मात्रा मोजणे आणि अंश-कला मोजणे यांत वाटते तितके अंतर नसावे. १९२७ साली पुणे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस देण्यात आले.

आता पुन्हा महाराष्ट्रगीताकडे वळू. ते कोणत्याही नाटकातील नाही, आणि त्यात कोल्हटकरांच्या पदांतील तो ओढाताणीचा दोषही फारसा आढळत नाही. इतर देश सुंदर असतील, श्रीमंतही असतील, ते खुशाल असोत, असे आधीच मान्य करून कवी आपल्या देशावरील प्रेम सांगतो. दुसऱ्यास हीन लेखून आपले थोरपण वाढविण्याचा मोह त्याने टाळला आहे. डोंगर, अटकेपार गेलेल्या घोड्यांचे पाणी पिणे, राजवाड्यांहून मोलाची माणसांची हृदये, अशा प्रतिमा एकामागून एक येतात. शब्द येथेही संस्कृतच आहेत. पण लय अशी पक्की आहे की अर्थ पुरता न कळणारे लहान मूलही ते बिनचूक म्हणते. पदकार या नात्याने आयुष्यभर केलेली मेहनत या एका गीतात फळास आली.

पालकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. कोल्हटकरांच्या हयातीत महाराष्ट्र या नावाचे राज्य नव्हतेच. वऱ्हाड मुळात निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. पुणे व सातारा हे जिल्हे मुंबई इलाख्यात, औरंगाबाद निजामाकडे, आणि अकोला व अमरावती यांचा कारभार नागपुराहून, अशी मराठी भाषेची तीन ठिकाणी वाटणी झाली होती. नकाशावर ज्याचा पत्ता नव्हता तो महाराष्ट्र या जळगाव जामोदच्या वकिलास एकसंध दिसत होता, आणि तो ज्या टापूत राहत होता तो टापू सरकारी कागदांत त्या महाराष्ट्राबाहेरचा होता.

कोल्हटकर १ जून १९३४ रोजी वारले. आत्मवृत्त हे त्यांचे आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी, १९३५ साली, बाहेर पडले, आणि मायाविवाह हे शेवटचे नाटक १९४६ साली छापले गेले. त्यांची नाटके रंगभूमीवरून हळूहळू नाहीशी झाली. एकेकाळी रस्त्यारस्त्यांत ऐकू येणारी वीरतनयातील पदे आज जुन्या संगीताचे अभ्यासकच काय ते गातात. वऱ्हाड १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा कवीच्या मृत्यूस सव्वीस वर्षे होत आली होती. २०२३ साली शासनाने राज्यगीत म्हणून राजा बढे यांचे गीत स्वीकारले. बढेही नागपूरचेच. कोल्हटकरांच्या गीतास सरकारी मान मिळाला नाही. शाळांतून ते पूर्वीप्रमाणेच म्हटले जाते.